नामाच्या गालांची भरणी

भाताच्या गिरणीमागे तुसाचा ढीग असतो. तो कोणी मुद्दाम घालत नाही. आत भात भरडले जाते, मागच्या भोकातून तूस उडत राहते आणि कोणाचे लक्ष नसताना भिंतीएवढा डोंगर उभा राहतो. वीटभट्टीवाले गाड्या भरभरून नेतात, तरी पुन्हा बघावे तर ढीग होता तेवढाच. गिरणीतले किस्सेही असेच साठतात. माणसे पोती घेऊन येतात, नंबर लागेपर्यंत बसतात, बोलतात. जाताना आपला तांदूळ मोजून नेतात आणि बोललेले मात्र इथेच टाकून जातात.

मी पौडला हुसेनभाईंच्या गिरणीत काट्यावर बसत असे. तेव्हा पौडला वीज आली नव्हती. गिरणी तेलाच्या इंजिनावर चालायची आणि ते इंजिन नामा सांभाळायचा. या नामाचे गाल आमच्या गिरणीला वर्षभर विषय म्हणून पुरले. संध्याकाळी घरी गेल्यावर चार ओळी लिहून ठेवायची मला सवय आहे, त्यामुळे कोण काय बोलले ते बरेचसे जसेच्या तसे सांगता येईल.

*

नामा पंचविशीचा, उंचापुरा, कामाला चोख. पण मिसरूड फुटल्यापासून त्याच्या तोंडावर मुरमे येत. गिरणीतला घाम, भाताची बारीक धूळ आणि त्यात इंजिनाच्या तेलाचे हात. एकदा इंजिनाने ठेका धरला की त्याला फारसे काम नसे. पट्ट्याकडे बघत बसायचे आणि गालावरचे एकेक मुरूम नखाने फोडायचे. पुढे मुरमे कमी झाली, पण खड्डे राहिले. दोन्ही गाल असे दिसायचे, की जणू पावसाचे पहिले टपोरे थेंब धुळीवर पडून गेलेत.

आमच्याकडे चाळणीवर भागूमावशी होती. नवरा गेल्यापासून गिरणीतच राबत होती आणि मालकासकट कोणालाच भीत नव्हती. ती म्हणायची, "नाम्या, तुज्या गालावर लावणी करायला सोपी हाय. रोपं नुसती ठिवत जायची."

नामाही हसायचा. पण त्या उन्हाळ्यात नांद्याहून स्थळ आले आणि त्याचे हसू आटले.

स्थळ आले ते गिरणीतूनच. नांद्याचे एक पाव्हणे दरवर्षी आमच्याकडे भात भरडायला आणत. नामाचे काम त्यांनी बघितले होते. त्यांची मुलगी इंदू लग्नाची होती. पाव्हण्यांना मुलगा पसंत होता, पण घरी त्यांच्या मंडळींनी बजावले, "पोरगं मी माज्या डोळ्यांनी बघीन. पुरुषमाणसं बैल चांगला पारखत्यात, जावई न्हाई. सुगी हून जाऊ द्या, मग मी सवता गिरणीत जाऊन बघून येते."

हे नामाच्या कानावर आले तसा तो काट्यापाशी येऊन उकिडवा बसला.

"अण्णा, सुगीपातूर गाल भरलं पायजेत."

"कशाने भरणार?"

"ते बघू की. खड्डा हाय म्हंजी भरता येतोच."

*

नामाला गाल भरायचेत ही बातमी फुटली आणि नंबर लावून बसलेल्या प्रत्येकाला एकेक औषध आठवले. कोणी म्हणाला चंदन उगाळून लाव, कोणी हळद आणि साय, कोणी मुलतानी माती. एकाने मधाची बाटली आणून दिली. एकाने सांगितले की लिंबू चोळले की कातडी आपोआप वर येते. त्याच्या मेव्हण्याची आली होती म्हणे. मेव्हणा कुठे असतो विचारले, तर मुंबईला.

नामाने कोणाचे मन मोडले नाही. सगळे एकाच आठवड्यात लावले. सकाळी हळद, दुपारी लिंबू, संध्याकाळी माती. आणि दुपारचे लिंबू चोळून हा पठ्ठ्या डिझेलचे पिंप आणायला बैलगाडीतून भर उन्हात भूगावपर्यंत जाऊन आला. परत आला तेव्हा खड्डे होते तिथेच होते, पण आता मधली कातडीही लाल होऊन सुजली होती. सुजेमुळे खड्डे आणखी खोल वाटत होते.

हुसेनभाई खुर्चीतून उठून त्याच्याजवळ गेले. हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवले.

"नामा, ह्यातलं एक काय ते धर. हे तोंड हाय लेका, मटकीची उसळ न्हाई."

*

लिंबाची आग शमल्यावर नामाने स्वतःचे डोके चालवले. भात भरडायच्या हलरमध्ये भात जाते ते खरबरीत असते, बाहेर तांदूळ येतो तो गुळगुळीत. मधे काय होते? घासले जाते आणि कोंडा निघतो. तेव्हा कोंड्यातच काहीतरी गुण असला पाहिजे.

"नाम्या," मावशी म्हणाली, "कोंडा तांदळातनं निगतो. तांदळाला लावीत न्हाईत."

पण त्याने ऐकले नाही. बारीक कोंडा ताकात कालवला, गालाला चिकटून राहावा म्हणून त्यात गुळाचा खडा विरघळवला, तो लेप थापला आणि दुपारच्या सुट्टीत बाहेरच्या पोत्यांवर आडवा झाला. डोळा लागला.

त्या दिवशी हिंजवडीचे एक शेतकरी भात घेऊन आले होते. त्यांनी बैल सोडून गाडीच्या चाकाला बांधले होते. त्यातल्या एकाचा कासरा जरा लांब होता. कोंडा, ताक आणि गूळ यांचा वास बैलाच्या नाकात गेल्यावर पुढचे काही त्याला शिकवावे लागले नाही.

मी काट्यावरून बघतो तर बैल शांतपणे नामाचा डावा गाल चाटतो आहे. नामा झोपेत हसत होता. देव जाणे, काय स्वप्न पडले होते. मग बैल उजव्या गालाकडे वळला आणि त्याची जीभ डोळ्यावरून गेली. बैलाची जीभ कशी असते ते ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. नामा बोंब मारून उठला, बैल बुजला, गाडी कलंडली.

हिंजवडीकर धावत आले. नामाला वाटले की आता आपली चौकशी होणार. त्यांनी आधी बैलाचे तोंड उघडून आत बघितले आणि मग नामाकडे वळून म्हणाले, "तोंडाला काय लावलं हुतंस ते खरं सांग. माज्या बैलाला काय झालं तर कोन भरून देनार?"

*

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी कोणाच्या तोंडावर खड्डे दिसले की माणसे एकच समजत. याला देवी येऊन गेल्या. मुरमाने एवढे खड्डे पडतात हे कोणाच्या ध्यानीमनी नसे. आणि देवीतून उठलेला माणूस म्हणजे देवीच्या हातून सुटून आलेला. त्याला पुन्हा देवी येत नाहीत, म्हणून घरात कोणाला ताप-पुरळ आले की अशाच माणसाला सेवेला बोलावत.

ताम्हिणीकडची एक म्हातारी दोन डोंगर उतरून पायलीभर भात घेऊन आली होती. तिने नामाला बघितले. भात बाजूला ठेवले, पिशवीतून नारळ काढला, त्याच्या पायाशी ठेवला आणि वाकली.

"बाबा, तुज्यावर आईनं हात ठिवलाय. नातवाला घामोळं उठलंय, तेवढं बरं हू दे."

"आजी, हे देवीचं न्हाई. मुरमाचं हाय."

"असं म्हनू ने बाबा. तिला राग येतो."

नामाने माझ्याकडे बघितले. मी काट्याकडे बघितले. हुसेनभाई म्हणाले, "घे लेका नारळ. म्हातारी एवढ्या लांबनं आलीया." नामाने नारळ घेतला, म्हातारीने त्याच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटे मोडली आणि समाधानाने गेली.

पुढच्या बाजाराला तीन बायका नारळ घेऊन आल्या. म्हातारीच्या नातवाचे घामोळे गेले होते.

मावशीने खोबऱ्याची चटणी वाटली. नामा मात्र ती खायला तयार नव्हता.

*

नारळाची गोष्ट नांद्याला पोचायला वेळ लागला नाही. आणि वाटेत तिला पाय फुटले. देवी आल्या होत्या म्हणजे डोळ्यावरही उतरल्या असतील. तेव्हा मुलाला एका डोळ्याने दिसत नाही. असे करत करत ती इंदूच्या आईपर्यंत गेली. तिने नवऱ्याला सांगितले, "आदी त्येवढं बघून या. न्हाईतर मी येतच न्हाई."

पाव्हणे पेचात पडले. होणाऱ्या जावयाला तोंडावर कसे विचारणार, बाबा तुला दिसते का? त्यांनी युक्ती काढली. पेरणीच्या आधीचे दिवस. पौडातून बियाण्याच्या भाताची दोन पोती घेऊन ते गाडीने परत निघाले होते. वाटेत गिरणीशी थांबले, पोती दारात उतरवली आणि स्वतः लांब रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. इंजिन धडधडत होते. त्यांनी नामाकडे बघून दोन बोटे वर केली. दिसली तर तो काहीतरी खूण करील, असा हिशेब.

आता गिरणीत इंजिनापुढे आवाज पोचत नाही. आमचे सगळे काम खुणांनी चाले. एक बोट म्हणजे एक पोते, दोन बोटे म्हणजे दोन, मूठ म्हणजे थांबा. नामाने दोन बोटे बघितली, मान हलवली, दारातली दोन पोती उचलली आणि हलरच्या तोंडावर रिकामी केली.

पाव्हणे हात हलवत पळत आले. वाटेत ते मूठ सोडून बाकी सगळ्या खुणा करत होते. येईपर्यंत बियाण्याचा तांदूळ झाला होता.

नामा घामाघूम. "मामा, तुमीच तर दोन बोटं…"

पाव्हणे पोत्यावर बसले. तांदळाची मूठ घेऊन वास घेतला. मग मला म्हणाले, "अण्णा, नजर चांगली हाय पोराची. त्येवढ्या लांबनं दिसलं."

हुसेनभाईंनी आपल्या घरच्या बियाण्यातली दोन पोती त्यांच्या गाडीत घातली आणि तो तांदूळ ठेवून घेतला. तरी नंतर कितीतरी दिवस कोणी डोळ्याची तक्रार केली की ते म्हणत, "पुन्याला कशाला जाताय? नांद्याच्या पाव्हन्यांकडं जावा. तपासतात चांगलं, पर दोन पोती लागत्यात."

*

डोळ्यांचे निभावले. पण देवीचा बोभाटा काही हटेना. तेवढ्यात देवी टोचणारे गावात आले. चार माणसे एका जागी सापडतात म्हणून ते नेहमी गिरणीत बसत. त्यांना बघितले की एरवी नंबर लावून बसलेली माणसे कामे आठवून उठायची.

टोचणाऱ्यांनी सगळ्यांचे दंड बघितले आणि नामाला बाजूला केले. "तुम्हाला येऊन गेल्यात. तुम्ही जा."

"सायब, न्हाई आल्या. मुरमं हायेत ही."

टोचणारे हसले. "आजवर सगळे मला सांगत आले की देवी येऊन गेल्यात, टोचू नका. तुम्ही पहिलेच उलटं सांगणारे. लहानपणी टोचून घेतलं होतं का?"

"गंजीत लपून बसलो हुतो."

"हे बघा," ते म्हणाले, "ज्याला देवी येऊन गेल्या त्याला टोचलं तर सहसा फोड धरत नाही. तुम्हाला चांगला फोड आला तर तुमचं खरं."

नामाने बाही खांद्यापर्यंत वर केली. सुई टोचून घेताना असा आनंदी चेहरा मी कोणाचा बघितला नाही. पुढचे काही दिवस तो दंड उघडा टाकून हिंडला. आधी लाल टिकली उठली, मग टरारून फोड आला, मग ताप भरला. अंथरुणात पडायचे सोडून हा गिरणीच्या दारात उभा. येणाऱ्याजाणाऱ्याला दंड दाखवत होता.

"बघा. धरलाय का न्हाई? म्हंजी देवी आल्या नव्हत्या."

नारळ बंद झाले. दंडावरची खपली पडली आणि खाली चांगला रुपयाएवढा खोलगट वण राहिला.

मावशीने तो नीट निरखला. "छान झालं. गालावरचं बुजवायला निगाला आनि दंडावर एक नवा घिऊन आला."

*

पाऊस लागला तसे हुसेनभाई स्वतः नामाला दवाखान्यात घेऊन गेले. मीही बरोबर होतो. डॉक्टर पुण्याचे, बोलायला कोरडे, पण माणूस बरा. त्यांनी गाल बोटाने ताणून बघितला.

"मुरूम नखाने फोडलंस की आतलं मांस खराब होतं. वरची कातडी मिळून येते, पण खालची जागा पोकळ राहते. म्हणून खड्डा. त्याच्यावर काहीही लाव, ते वरच्या वर राहणार."

"मग भरायचं कसं?"

"तू भरायचं नाहीस. कातडीला भरू दे, तिला जमेल तेवढं. तेलाचे हात गालाला लावू नकोस. नवीन मुरूम आलं तर बघू नकोस त्याच्याकडे. साध्या पाण्याने तोंड धू, घासू नकोस. उन्हात जाताना पंचा बांध. फारच हात शिवशिवले तर कोरफडीचा गर लाव."

"किती दिसांत?"

"वर्ष गेलं तर थोडा फरक दिसेल. कडा बसतील, डाग फिके पडतील. खड्डे सगळे जाणार नाहीत."

"सायब, सुगी तर दिवाळीनंतर येतीया."

"मग सुगीला थांबायला सांग."

इथे थांबले असते तर बरे झाले असते. पण हुसेनभाईंनी विचारले, की यावर दुसरा काहीच इलाज नाही का? डॉक्टर बोलून गेले, की मोठ्या शहरात आता यंत्राच्या चाकाने वरची कातडी घासून काढतात; पण ते कसबी माणसाचे काम, आणि तेही सगळ्यांना मानवत नाही. वर्षभर कळ काढ, हेच औषध. एवढ्या सगळ्यातून नामाच्या कानात एकच शब्द शिल्लक राहिला. चाक.

पुढच्या बाजाराला सायकलच्या चाकावर धार लावणारा आला. मी मिठाच्या दुकानात होतो. नामा त्याच्यासमोर बसलेला दिसला, हातात चाकू नाही, विळा नाही.

"मामा, हे चाक गालाला लावता का? हळू हळू?"

धारवाल्याने पाय थांबवले. चाक फिरायचे बंद झाले. त्याने नामाचे दोन्ही गाल बघितले, मग त्याच्याकडे.

"लावतो. पर एवढी धार लावून चालवनार कुनावर?"

*

मग मात्र नामा डॉक्टरांच्या वाटेने गेला. पण त्याला कळ काढणे जमेना. इंजिनाच्या खोलीत भिंतीला एक आरसा होता. दर घटकेला हा त्यात बघून यायचा, आज काही भरले का म्हणून. बघताना बोट गालाला जायचे, बोटाला तेल. हुसेनभाईंनी आरसा काढून घरी नेला.

आरसा गेल्यावर नामाला सगळीकडेच आरसे दिसू लागले. हौदाच्या पाण्यात, कंदिलाच्या काचेत, मावशीच्या नव्या पातेल्याच्या बुडात. शेवटी त्याची नजर माझ्या पितळी पारड्यावर गेली. सुट्टा तांदूळ तोलायचे ते पारडे मी चिंचेने घासून लख्ख ठेवत असे. मी एका गिऱ्हाइकाचा तांदूळ तोलत होतो. वजनांचे रिकामे पारडे वर उचलले गेले आणि नामाने त्यात बघायला म्हणून ते हाताने खाली धरले. समोरचे तांदळाचे पारडे वर गेले.

गिऱ्हाईक पौडातलेच, चिकट माणूस. "अण्णा," तो म्हणाला, "तांदूळ कमी हाय ते समजलं. पर ह्याचं तोंड कंच्या भावानं लावलंय?"

त्या दिवशी मी नामाला बाहेर घेऊन बसलो. म्हटले, "पेरलेले दाणे रोज उकरून बघतोस का, मोड आला की नाही ते?"

"न्हाई."

"मग गाल का उकरतोस?"

तो म्हणाला, "अण्णा, दाण्याला म्हाईत असतं की कुनी बगायला येनार न्हाई."

त्या दिवसापासून मात्र त्याने हात आवरला, हे खरे. इंजिनापाशी बसला की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचा. पावसाळा तसाच गेला. भाते पोटरीला आली तोवर लाल डाग विटकरी झाले होते, मग गव्हाळ. खड्ड्यांच्या धारदार कडा जरा मऊ झाल्या. खड्डे होते, पण आता ते आधी दिसत नसत. आधी नामा दिसायचा. त्याला स्वतःला हे कळले नाही, कारण आरसा हुसेनभाईंच्या घरी होता. आणि त्याला हे सांगायचे कोणी, तर मावशी म्हणाली, "सांगू नका. सांगितलं की जाईल बघायला पातेल्यात."

*

सुगी झाली. गिरणीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. दारापासून रस्त्यापर्यंत गाड्या. नवे भात, त्याची धूळ फार. अशा दिवसांत आम्ही सगळे भुतांसारखे दिसायचो. भुवया, पापण्या, मिशा, सगळे पांढरे. नामा इंजिन लावून देऊन हलरवरही हात घालत होता, त्यामुळे त्याच्यावर तर कोंड्याचा थरच चढला होता.

दुपारच्या आधी नांद्याची एक गाडी आली. पाव्हणे नव्हते. एक पोक्त बाई पुढे उतरल्या, मागून एक मुलगी. बाईंनी कोणाला नावगाव सांगितले नाही. पोते काट्यावर ठेवायला लावले आणि मला हळूच विचारले, "इंजिनवाला कोनचा?"

मी ओळखले. बोटाने दाखवले.

बाई सरळ आत गेल्या. नामा वाकून हलरचा कोंडा सारत होता. तो उठला तेव्हा त्या अगदी समोर होत्या. त्यांनी त्याच्या तोंडाकडे निरखून बघितले. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. बारीक कोंड्याने गाल असा लिंपला होता की एक खड्डा उघडा नव्हता. नव्या सारवलेल्या भिंतीसारखे तोंड.

बाई बाहेर येऊन मावशीपाशी बसल्या. इंजिनाचा आवाज म्हणून मोठ्याने बोलत होत्या, पण नेमके तेव्हाच पोते संपले म्हणून नामाने इंजिन बंद केले आणि सगळ्या गिरणीला ऐकू गेले.

"लोकं जळत्यात बघा. म्हनं खड्डं हायेत. कुटं हायेत खड्डं? चांगलं सपाट तोंड हाय पोराचं."

कोणी हलले नाही. हुसेनभाई पेपरामागे गेले. मावशी चटकन म्हणाली, "व्हय बाई, लोकांचं काय. च्या घेता का?" आणि बाईंच्या पाठीमागून नामाला डोळ्यांनी दाबले, की तसाच राहा, हलू नकोस.

नामा मागच्या दाराने हौदाकडे निघाला. मावशी बाईंच्या हातात चहाची कपबशी देऊन त्याच्या मागे धावली. मी काटा सोडून गेलो.

"मुडद्या, कुटं चाललास? बाई खूश हाय. दोन घटका कळ काढ, जाऊ दे त्यांना."

"आनि मग?"

"मग काय मग? लगीन हून जाईल."

"मावशे, लग्नानंतर रोज सकाळी कोंडा लावून उठू का?"

हौदाला इंजिन थंड करून निघालेले पाणी येई, ते कोमट असे. नामाने ओंजळ भरून तोंडावर मारली. एक, मग आणखी एक. कोंडा गालावरून ओघळत गेला आणि खालचे सगळे वर आले. डॉक्टरांनी घासू नकोस सांगितले होते. त्याने घासले नाही. पंच्याने नुसते टिपले आणि तसाच, ओल्या तोंडाने पुढच्या दाराशी येऊन उभा राहिला. तिथे ऊन पडले होते.

"म्या नामा," तो म्हणाला. "मघाशी कोंडा हुता. आता बघा."

बाईंच्या हातातली कपबशी तशीच राहिली. त्या बराच वेळ बघत होत्या. नामाचे हात बाजूला लोंबत होते.

मग बाईंनी बशी खाली ठेवली आणि मुलीकडे वळल्या. ती इतका वेळ गाडीच्या धुरेला धरून उभी होती, पण बघत मात्र होती. आईसारखीच, वरून खाली, डावीकडून उजवीकडे.

"इंदे, बघितलंस नव्हं? आता बोल. घरी जाऊन तुज्या बाला काय सांगू?"

इंदूने मान खाली घातली. पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले. मग आईकडे बघून म्हणाली, "कानामागं कोंडा ऱ्हायलाय त्यांच्या. नांद्याला येताना तेवढा पुसून या म्हनावं."